पुढचे शॉकअप घरी बदलायचे आहेत, पण स्प्रिंगची धास्ती वाटते

जुनी_हॅचबॅक:
नमस्कार मंडळी. बाबांची गाडी आता मी चालवते. १६ वर्षांची आहे, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत आणि अजून एका सेल्फमध्ये चालू होते. पुढचं सस्पेन्शन मात्र थकलंय. ब्रेक मारला की नाक खाली जातं. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते आणि मग कुठे स्थिरावते. परवा चाक काढून बघितलं, तर डावा शॉकअप निम्म्यापर्यंत तेलाने ओला होता, वर धुळीचा थर बसलेला. बोट फिरवलं तर काळा चिखल निघाला. उजवा कोरडा आहे. डाव्या टायरवर तळवा फिरवला की खळगे आणि उंचवटे हाताला लागतात. शिवाय उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून ‘टण्ण’ असा आवाज येतो.

ब्रेक पॅड, ऑइल, क्लच केबल ही कामं मी घरी केली आहेत. याच गाडीवर बाबांनी मला चालवायला शिकवलं, म्हणून हेही काम माझ्या हातून व्हावं असं फार वाटतं. फक्त शॉकअपभोवतीच्या त्या दाबलेल्या स्प्रिंगची भीती वाटते. ती दाबून धरायचा कंप्रेसर घरी वापरावा का? एकटा डावा बदलला तर चालेल का? आणि सोबत आणखी काय बदलून घेऊ?

ग्रीसचे_हात:
ताई, भीती वाटते हे चांगलं आहे, ती शेवटचा नट बसेपर्यंत राहू द्या. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी जिरवतो, आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून. म्हणजे गाडीचा तो कोपरा ज्या स्प्रिंगवर उभा असतो, तीच दाबून तुम्ही हातात धरणार आहात. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं काम तुम्ही केलेल्या कामांसारखंच आहे.

जोडीनेच बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला की ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही चाकं वेगवेगळी वागतात. खरेदी करताना डावा-उजवा तपासा. ब्रेकच्या पाइपचा ब्रॅकेट बहुतेक गाड्यांत दोन्हींवर उलट बाजूला असतो.

तो ‘टण्ण’ मला शॉकअपचा वाटत नाही. कुणाला तरी उभ्या गाडीत स्टेअरिंग हळूहळू फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगवर नुसता तळवा ठेवा, बोटं वेटोळ्यांत घालू नका. स्प्रिंग पिळली जाऊन एकदम झटका देत असेल, तर वरच्या माउंटिंगखालचं (शॉकअप वर बॉडीला जोडणाऱ्या भागाखालचं) बेअरिंग जाम झालंय. एवढं सगळं खोलून जुनं बेअरिंग परत बसवू नका. माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि धुळीपासून वाचवणारं रबरी बूट, सगळं नवीन घ्या. बूट फाटलं की शॉकअपच्या दांड्यावर धूळ बसते, ती सील खाते आणि मग तेल गळतं. तुमच्या डाव्या बाजूला बहुधा हेच झालं असावं.

खोलताना एका वेळी एकच बाजू घ्या, म्हणजे काही विसरलं तर दुसरीकडे बघता येतं. सपाट, पक्की जमीन हवी. हँडब्रेक असतोच, तरी मागच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या. आदल्या रात्री बोल्टच्या आट्यांवर वायर ब्रश मारून गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. स्टॅबिलायझरची, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची, लिंक दोन्ही बाजूंनी सोडवा, नाहीतर तो दांडा पिळलेला राहतो आणि बोल्ट निघता निघत नाही.

शॉकअपला खालून धरणाऱ्या दोन बोल्टांच्या जागी आधी रंगाची खूण करा. काही गाड्यांत तिथलं भोक लांबट असतं, बोल्ट जरा सरकला तरी चाकाचा कल बदलतो. ते दोन्ही निघाले की चाकाचा सगळा हब बाहेरच्या बाजूला कलंडतो. त्याला लगेच तारेने बांधा. तो लोंबकळला तर ब्रेकच्या पाइपवर ताण येतो आणि चाकाला फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधाही निसटू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॉनेट उघडल्यावर माउंटिंगच्या मधोमध एक नट दिसतो. गाडीवर असताना त्याला हात लावू नका. माउंटिंग बॉडीला धरणारे बाजूचे दोन-तीन नट वेगळे, फक्त तेच सोडवायचे. मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडला, तर स्प्रिंग माउंटिंगसकट उडते.

तिसरा_गिअर:
एक भर घालतो. खालच्या बोल्टांची डोकी फिरवू नका. डोकं पान्याने धरून ठेवा आणि नट फिरवा. काही गाड्यांत त्या बोल्टांच्या मानेवर बारीक दाते असतात, डोकं फिरवलं की दाते आणि भोक दोन्ही खराब होतात. नट शक्यतो नवीन वापरा, सेल्फ-लॉकिंग नटची पकड पहिल्या वेळेइतकी राहत नाही.

रविवारचा_फिटर:
माझं मत थोडं वेगळं आहे. ताई, शॉकअप स्प्रिंगसकट काढणं आणि परत चढवणं तुम्ही खुशाल घरी करा. पण स्प्रिंग जुन्या शॉकअपवरून काढून नव्यावर चढवायचं तेवढं काम भिंतीला किंवा टेबलाला पक्का बसवलेला कंप्रेसर असलेल्या गॅरेजमधून करून घ्या. हातातला दोन आकड्यांचा (हुकांचा) कंप्रेसर मी अनेक वर्षं वापरला. एकदा एक आकडा वेटोळ्यावरून इंचभर सरकला आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. ती तशीच जमिनीवर ठेवून मी लांब उभा राहिलो, हात थरथरत होते. तेव्हापासून ते साधन मी वापरलेलं नाही.

ग्रीसचे_हात:
हा सल्ला योग्य आहे, पहिल्याच वेळेला तर नक्कीच. तरीही ताईंना कंप्रेसरच वापरायचा असेल, तर आकडे बरोबर समोरासमोर लावा आणि जितकी जास्त वेटोळी पकडता येतील तितकी पकडा. हातानेच घट्ट करा, इम्पॅक्ट गन नको. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन, असं आलटून पालटून. वरच्या बशीत (स्प्रिंगचं टोक टेकतं त्या वाटीत) स्प्रिंग सैल फिरायला लागली की थांबा, त्याहून जास्त दाबू नका. स्प्रिंगची टोकं कधीही स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे नकोत.

मधला नट सोडताना शॉकअपचा दांडा फिरतो. तो वरून एलन कीने किंवा त्याच्या डोक्यावरच्या सपाट कडांना पाना लावून धरा. पक्कड दांड्याला लागली तर त्याच्या क्रोमवर ओरखडा येतो आणि नवं सील महिन्याभरात गळायला लागतं. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण खाली-वर करा. आडवा पडून आलेला असतो, त्याच्या तेलात हवा शिरलेली असते. आणि स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या खाचेला टेकलंय ना, हे डोळ्यांनी बघा.

जुनी_हॅचबॅक:
काम झालं! तुम्हा तिघांचे मनापासून आभार. दोन्ही शॉकअप मी काढले, स्प्रिंगचं काम रविवारचा_फिटर यांनी सांगितलं तसं गॅरेजमध्ये माझ्यासमोर करून घेतलं आणि घरी आणून पुन्हा मीच चढवले. पहिल्या बाजूला साडेचार तास लागले, दुसऱ्या बाजूला दीड. लिंकचा नट फिरत होता पण निघत नव्हता, मागचा बॉल-पिनही सोबत फिरायचा. मधल्या भोकात एलन की घालून धरल्यावर सुटला.

बेअरिंगचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. डावं बेअरिंग दोन्ही हातांनी पिळलं तरी हलत नव्हतं. उघडलं तर ग्रीस वाळून खपली झालेलं आणि गोळ्या गंजून लाल. उजव्याच्या गोळ्या फिरत होत्या, पण खरखर करत.

आणि जो कोरडा म्हणून मला चांगला वाटला होता, तो उजवा शॉकअप! हाताने दाबला तर सुरुवातीचे चार बोटं अंतर काही अडवलंच नाही, नुसता ‘खुळुक’ आवाज आला आणि दांडा खालीच राहिला. नवा दाबायला अंगाचा जोर लावावा लागला, आणि सोडल्यावर तो सावकाश, एकाच वेगाने आपोआप वर आला. दोन्ही शेजारी उभे करून मी कितीतरी वेळ दाबून बघत होते. एकच बदलला असता तर काय चूक झाली असती, ते तेव्हा हातालाच कळलं.

सगळे नट मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळले. गाडी सरळ चालताना स्टेअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं राहतंय, खुणेवरच बसवूनसुद्धा. हे अलाइनमेंटने (चाकांचे कोन जुळवून) जाईल ना?

ग्रीसचे_हात:
शाब्बास ताई. हो, अलाइनमेंट आजच्या आज करून घ्या, तोवर लांब जाऊ नका. १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. डाव्या टायरचे खळगे मात्र भरून येणार नाहीत. त्याची घरघर काही दिवस ऐकू येईल, ती नव्या शॉकअपची समजू नका.

जुनी_हॅचबॅक:
अलाइनमेंट झालं, स्टेअरिंग मधोमध आलं. १०० किलोमीटरनंतर नट तपासले, उजव्या चाकाचा एक पाव फेरा आवळला गेला, बाकी सगळे जागेवर. काल बाबांना शेजारी बसवून नेलं. गतिरोधक गेल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, “गेला का तो?”