पेगमध्ये तेलासारखे थेंब, सल्फेटमध्ये चोथा, अँटिबॉडीचे क्रिस्टल येणार तरी कधी?

स्फटिकवेडी:
एक आयजीजी-१ (अँटिबॉडीचा एक प्रकार) आहे माझ्याकडे, १० मिग्रॅ/मिली, हिस्टिडिन बफर, पीएच ६. नुसती ठेवली तर आठवडे पाण्यासारखी स्वच्छ. पण पेग ३३५० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, लांब साखळीचा पॉलिमर) टाकून ४ अंशाला ठेवली की दुधाळ होते आणि मायक्रोस्कोपखाली गोल गोल थेंब दिसतात, तेल सांडल्यासारखे. अमोनियम सल्फेट टाकलं तर सरळ पांढरा चोथा. रेणू तोच, तऱ्हा दोन, आणि क्रिस्टल कुठेच नाही. हिचाच फॅब तुकडा (अँटिबॉडीचा नुसता एक हात) मात्र दोन दिवसांत सुया देऊन मोकळा झाला! काय चुकतंय?

बफरवाला:
चुकत काही नाहीये, अख्खी आयजीजी हट्टीच असते. १५० किलोडाल्टनचा वाय आकार, आणि मधला हिंज, म्हणजे सांधा, इतका लवचिक की दोन्ही हात वाट्टेल तसे हलतात, मग प्रत्येक रेणू सारख्याच पोझमध्ये रचला जाणार कसा? फॅबला ही भानगड नाही म्हणून तो पटकन येतो.

आता सोल्यूशनचं. अशा अँटिबॉडीचा पीआय (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) बहुतेक वेळा ७ ते ९ असतो, म्हणजे पीएच ६ ला सगळ्यांवर धन चार्ज, सगळे एकमेकांना लांब ढकलतात. १० मिलिमोलर मिठात या ढकलण्याचा पल्ला साधारण ३ नॅनोमीटर, १५० ला जेमतेम ०.८. पेग प्रोटीनला चिकटत वगैरे नाही, तो फक्त जागा अडवतो, त्यामुळे अँटिबॉडी एकमेकींजवळ रेटल्या जातात. सल्फेट चार्ज झाकतं आणि वर पाणीही ओढून घेतं, तिथे घाई झाली की जो ज्या बाजूने सापडेल त्याला तसाच चिकटतो, तोच तुझा चोथा.

रात्रपाळी:
थेंब बघून नाराज होऊ नकोस गं. ट्यूब मिनिटभर मुठीत धर, स्वच्छ झाली तर ते द्रव-द्रव वेगळं होणं आहे, प्रोटीन खराब झालेलं नाही. तापमान विरुद्ध प्रोटीनचं प्रमाण असा आलेख काढला तर बहुतेक प्रोटीनमध्ये ही थेंबांची रेषा क्रिस्टलच्या विद्राव्यतेच्या रेषेखाली असते, म्हणजे थेंब येतात तिथे क्रिस्टलला वाव असतोच, फक्त बी (क्रिस्टलचा पहिला कण) पडायला वेळ लागतो आणि थेंब आधी बाजी मारतात. पेग थोडा कमी कर, २० अंशाला ठेव, आणि मग थांब. आपण दर तासाला ड्रॉप (क्रिस्टलसाठी प्लेटवर लावलेला नमुना) उघडून बघतो तेच नडतं (मीही बघते).

अणुरेणू:
मी तर म्हणेन आधी बी-२२ मोज (रेणू एकमेकांना ओढतात की ढकलतात ते सांगणारा आकडा, ऋण म्हणजे ओढ), उगाच शंभर ड्रॉप लावण्यापेक्षा. किंचित ऋण आला तर आशा आहे, फार ऋण म्हणजे चोथाच.

बफरवाला:
@अणुरेणू मोजावा, पण तो सगळ्या दिशांची सरासरी सांगतो. क्रिस्टलला ठरावीक दोन-तीन जागीच पकड लागते, ती त्या एका आकड्यात कुठून दिसणार. आकडा छान आणि ड्रॉप रिकामे, हे भरपूर बघितलंय.

स्फटिकवेडी:
मुठीत धरली, मिनिटभरात लख्ख! सल्फेटवाली मात्र बफर घालूनही पूर्ण विरघळली नाही, ती दिली टाकून. आता पेगची पायरी अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने उतरवतेय, थेंब जिथे दिसेनासे होतात त्याच्या जरा खाली २० अंशाला चोवीस ड्रॉप लावलेत. प्लेट रात्रपाळीच्या धाकाने कपाटात बंद, शुक्रवारपर्यंत हात लावणार नाही.

रात्रपाळी:
बुधवारीच उघडशील बघ.