मार्को व्हॅन बास्टेनचा घोटा नेमका कशानं गेला?

रंकाळ्याचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचा १८ वर्षांचा आहे, कोल्हापुरात आमच्या पेठेकडून स्ट्रायकर खेळतो. जानेवारीत एका मॅचमध्ये उजवा घोटा मुरगळला. बर्फ, पट्टी, आठ दिवस आराम, सगळं झालं. सूज उतरली, पण बुटाची लेस ओढून बांधली की आतून कळ येते म्हणतो. जिना उतरताना अजून आडवा पाय टाकतो. त्याच्या नकळत मी बघत असतो.

आता रविवारी फायनल. संघातली जाणती माणसं म्हणतात, एक इंजेक्शन घे आणि खेळ, पुढं सगळा पावसाळा पडलाय आरामाला. पोरगंही तयार. त्याच्या मोबाइलवर व्हॅन बास्टेन या डच स्ट्रायकरचा फोटो आहे. मला म्हणतो, "मामा, तो पण दुखऱ्या घोट्यानं खेळला आणि १९८८ चा युरो कप जिंकला."

मला त्या फायनलमधला तो व्हॉली (चेंडू हवेतच मारलेला) ठाऊक आहे, तीन बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) ठाऊक आहेत (१९८८, १९८९, १९९२), आणि २८ व्या वर्षी खेळ संपला एवढंही ठाऊक आहे. पण नेमकं झालं काय? कुणी एकानं पाय तोडला, की दुखणं अंगावर काढलं? पोराशी बोलायचं तर मला नीट माहीत पाहिजे.

शिट्टी_आणि_कार्ड

मामा, मी २२ वर्षं पुण्यात पंच म्हणून उभा राहिलो आहे, आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा खेळाडू. त्यामुळे लांबलचक लिहितो.

लोक सांगतात की इटलीतल्या बचावपटूंनी मागून लाथा घालून त्याला संपवलं. ते खोटं नाही, पण सुरुवात तिथली नाही. सुरुवात डिसेंबर १९८६ ची. त्याचा क्लब आयाक्स विरुद्ध ग्रोनिंगेन, डच लीगची साधी मॅच. त्यात टॅकल करायला तो स्वतःच गेला आणि घोटा त्याचाच दुखावला. तेव्हा वय २२. आदल्या मोसमात त्यानं लीगच्या २६ मॅचमध्ये ३७ गोल केले होते, युरोपात सगळ्यांत जास्त. असा खेळाडू बाहेर बसवायला कुणाचं मन होणार? तो खेळत राहिला. मे १९८७ मध्ये अथेन्सला कप विनर्स कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल झाली, लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध १-०, आणि तो एकमेव गोल त्याचाच, हेडरनं. क्रायफ आयाक्सचे प्रशिक्षक होते. ज्यांच्या जागी बदली म्हणून उतरून तो १९८२ मध्ये पहिली मॅच खेळला आणि गोल करून गेला, तेच क्रायफ.

त्या उन्हाळ्यात तो इटलीतल्या मिलान क्लबला गेला. पहिल्या मोसमात लीगच्या फक्त ११ मॅच, गोल तीन. मधले महिने ऑपरेशन आणि आराम यात गेले. आता तुमच्या भाच्यानं हे नीट वाचावं. १९८८ चा युरो तो दुखऱ्या घोट्यावर इंजेक्शन मारून जिंकला नाही. ऑपरेशन होऊन, महिनोन् महिने बाहेर बसून मग जिंकला. तरीही पहिल्या मॅचला तो राखीव खेळाडूंत होता, पाठीवर १२ नंबर. सोव्हिएत संघानं नेदरलँड्सला ०-१ हरवलं तेव्हा तो उत्तरार्धात आला. मग इंग्लंडविरुद्ध तीन गोल, हॅम्बर्गला पश्चिम जर्मनीविरुद्ध ८८ व्या मिनिटाला विजयी गोल, आणि म्युनिकच्या फायनलमध्ये, पुन्हा सोव्हिएत संघाविरुद्ध, तो व्हॉली.

तो व्हॉली मी किती वेळा पाहिला असेन कोण जाणे. डावीकडून ३७ वर्षांच्या म्यूरेननं उंच, लोंबता पास टाकला. चेंडू सगळ्यांना ओलांडून पार उजव्या कडेला चाललाय. तिथून गोल दिसतच नाही म्हणा ना, नुसती जवळच्या खांबाची कड दिसते. त्यानं चेंडू खाली येऊ दिला आणि हवेतच मारला. सोव्हिएत गोलरक्षक दासायेवच्या डोक्यावरून तो लांबच्या बाजूच्या जाळीत गेला. बाकावर डच प्रशिक्षक मिखेल्स सरांनी तोंडावर हात ठेवला. पुढं व्हॅन बास्टेन सांगायचा की तेव्हा तो दमला होता, चेंडू अडवून बचावपटूंशी झटापट करण्यापेक्षा सोपं म्हणून थेट मारला.

मी स्वतः त्याला पहिल्यांदा लाइव्ह पाहिलं ते १९९० च्या वर्ल्ड कपला, दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी. चार मॅच, एकही गोल नाही. मला रडू आलं होतं. पण १९९२ च्या नोव्हेंबरात चॅम्पियन्स लीगमध्ये गोथेनबर्गविरुद्ध एकट्यानं चार गोल केले, त्यातला एक ओव्हरहेड किक. तो मोसम त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम ठरला असता. डिसेंबरात पुन्हा ऑपरेशन झालं. वसंतात परतला, आणि २६ मे १९९३ ला त्याच चॅम्पियन्स लीगची मार्सेयविरुद्धची फायनल खेळला. पाय साथ देत नव्हता. ८६ व्या मिनिटाला त्याला काढून एरानिओला आत घेतलं. मैदान कुठलं? म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम. पाच वर्षांपूर्वी जिथं तो व्हॉली मारला, तेच. त्यानंतर तो मिलानकडून एकही अधिकृत मॅच खेळला नाही.

माझ्या उमेदीच्या काळात मागून केलेल्या टॅकलला आम्ही फार तर पिवळं कार्ड दाखवायचो. १९९४ च्या वर्ल्ड कपला फिफानं पंचांना सांगितलं की मागून पाय काढला तर लाल कार्ड. ती सूचना आमच्यापर्यंत आली तेव्हा मला आधी हाच आठवला. मीही कितीतरी टॅकल "खेळा, खेळा" म्हणत सोडून दिल्या होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्स्टेलवेनकर

सरांनी मैदानातलं लिहिलं, मी घरातलं लिहितो. मी १४ वर्षं इकडं नेदरलँड्समध्ये आहे. त्याचं आत्मचरित्र आलं तेव्हा इकडच्या पेपरांत त्यातला एक प्रसंग खूप गाजला, आणि भाच्याला दाखवायचा असेल तर तोच दाखवा.

शेवटच्या ऑपरेशनांनंतर रात्री त्याला पाय टेकवता यायचा नाही. बिछान्यातून उतरून तो गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत बाथरूमपर्यंत जायचा. वेदना विसरायला मनात आकडे मोजायचा. कधीच १२० च्या आत पोचला नाही. सगळ्यांत अवघड काय, तर दाराचा उंबरा, कारण त्यावरून जाताना घोटा घासता कामा नये. ज्याच्या नावावर तीन बॅलन डी'ओर, तो माणूस उंबऱ्याशी थांबून श्वास घेतोय.

शेवटी घोट्याचा सांधा ऑपरेशन करून कायमचा जाम केला तेव्हा कुठं दुखणं थांबलं. इकडचे म्हातारे हे बोलायला लागले की आवाज खाली आणतात. हॅम्बर्गच्या गोलाबद्दल मात्र अजून ओरडून सांगतात. १९७४ ची वर्ल्ड कप फायनल पश्चिम जर्मनीशी हरल्याचा सल त्या दिवशी गेला, असं त्यांचं म्हणणं.

लाल_काळे_पट्टे

एक वेगळं मत मांडतो. त्या १९८७ च्या फायनलला तो बसला असता, तर अथेन्सचा गोल झाला नसता, कदाचित कप आला नसता. खेळाडूच्या आयुष्यात असे दिवस मोजके असतात. मिलानकडून लीगच्या १४७ मॅचमध्ये ९० गोल, १९८९ च्या युरोपियन कप फायनलला स्टेऊआविरुद्ध दोन गोल, हे सगळं त्या दुखऱ्या घोट्यानंच केलं ना? १८ वर्षांच्या पोराला नुसती भीती घालू नका.

शिट्टी_आणि_कार्ड

तुमचं म्हणणं मी खोडत नाही, अथेन्सचा गोल मलाही प्रिय आहे. पण १८ ऑगस्ट १९९५ ची सान सिरोची (मिलानच्या मैदानाची) चित्रफीत एकदा बघा. युव्हेंटसशी सामना सुरू होण्याआधी तो निरोपाची फेरी मारतोय. अंगात खेळाचे कपडे नाहीत, जीन्स आणि तपकिरी जॅकेट. वर हात करून टाळ्या वाजवत, हळू धावत. वय ३०, म्युनिकच्या त्या फायनलनंतर दोन वर्षं मैदानाबाहेरच. बाकावर मिलानचे प्रशिक्षक कापेलो डोळे पुसताहेत. हे पाहून मग सांगा की पुढची पाच-सहा वर्षं द्यायची किंमत बरोबर होती का. मला विचाराल तर नव्हती.

मिरजेची_फिजिओ

मामा, न तपासता निदान करणार नाही. पण दोन महिन्यांनंतरही जिना उतरताना त्रास आणि "आतून" कळ, म्हणजे नुसतं लिगामेंट नसावं, सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला) मार असू शकतो. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती हाडासारखी भरून येत नाही. इंजेक्शनानं सांधा बरा होत नाही, फक्त दुखल्याचं कळायचं बंद होतं. मग पोरगं त्याच जागेवर ९० मिनिटं वळतं, उड्या मारतं. आधी एमआरआय करा, तोवर मैदान बंद.

रंकाळ्याचा_मामा

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून हे सगळं वाचून दाखवलं. व्हॉलीच्या वर्णनाला खूश झाला, मध्येच मोबाइल काढून मलाच दाखवायला लागला. उंबऱ्याचं वाचलं तेव्हा गप्प झाला. मग उजवा पाय पुढं घेऊन घोटा चाचपत बसला आणि पहिल्यांदा कबूल केलं की सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतो. घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहीण रडली.

संघातल्या मोठ्यांना आज सकाळी मीच जाऊन सांगितलं. एक-दोघं रागावले, त्यांचंही बरोबर आहे, एवढी फायनल आहे. एमआरआयची वेळ गुरुवारची मिळाली. रविवारी तो गॅलरीत माझ्याशेजारी बसणार आहे. जर्सी मात्र घालूनच येणार म्हणतो.