पुण्याच्या थंडीत टेंपे कसं जमवावं?

सदाशिवपेठी: जावा बेटावरचं टेंपे, म्हणजे बुरशीने बांधलेली सोयाबीनची वडी, घरी करायची आहे. विरजणाची पूड मिळाली. पण सध्या रात्री पारा १२ अंशांपर्यंत उतरतोय, ऊब कशी द्यावी? आणि तिकडे हे रोज खाणं लोकांना परवडतं कसं?

कोरडा दाणा: थंडीपेक्षा ओल जास्त घात करते. अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा. सालातून बुरशी आत शिरत नाही. ताज्या पाण्यात पाऊण ते एक तास उकळा, शेवटी दोन मोठे चमचे व्हिनेगर घाला. मग पंचावर पसरून पंख्याखाली वरून पूर्ण कोरडे करा. पाणी राहिलं की जिवाणू बुरशीवर मात करतात, वडी बुळबुळीत होते आणि अमोनियासारखा वास मारते. दाणे ३५ अंशांखाली आल्यावरच पूड चोळा, प्रमाण पाकिटावरचं. झिपच्या पिशवीला सुईने दर सेंटिमीटरवर भोकं पाडा. थर अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड नको.

आणखी एक: पेरणीचं बियाणं चुकूनही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. खाण्याचं सोयाबीनच मागा.

उबदार डबा: थर्माकोलच्या डब्यात गरम पाण्याच्या बाटल्या, आत ३०-३२ अंश. एलईडी दिव्याने काम होत नाही. बाहेरची ऊब पहिले १२-१४ तासच लागते. पुढे वडी स्वतःच तापते, तेव्हा बाटल्या काढून झाकण किलकिलं ठेवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. साधारण ३६ तासांत पांढरी, घट्ट वडी होते, थंडीत ४८ लागू शकतात. भोकांजवळचे करडे-काळे डाग चालतात. गुलाबी, नारिंगी, हिरवं दिसलं तर सगळं फेका.

जावाप्रेमी: परवडण्याबद्दल. जावाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १५ कोटींवर. चांगली जमीन भाताखाली, त्यामुळे सोयाबीन मुख्यतः अमेरिकेतून येतं. टेंपे करणारे बहुतेक घरगुती कारखानदार. सोयाबीन महागलं की किंमत वाढवण्याऐवजी वडी लहान करतात, तरी पुरेना तेव्हा २०१२ आणि २०२१ मध्ये त्यांनी उत्पादनच बंद ठेवलं. गरिबाच्या ताटातलं प्रथिन असं आयातीवर टांगलेलं असणं वाईटच.

कच्चं मात्र खाऊ नका. तिथल्या 'बाचेम' पद्धतीने नारळपाणी, गूळ, धणे, लसूण आणि मीठ घालून पाणी आटेपर्यंत शिजवा, मग तळा. गूळ लवकर करपतो, म्हणून आच मध्यम.