जिन्यातला वास आणि मनीची पेटी

२०३: चार दिवस झाले, जिन्यात उग्र वास येऊलालाय. पाऊस उघडत नाही, खिडकी उघडावी तर झड आत. कुणाकडून येतोय बघा जरा.

३०४: दादा, आमच्याकडूनच. माफ करा. आमच्या मांजरीची, मनीची शी-शूची मातीची पेटी बाल्कनीत भिजत होती म्हणून दाराशी आणून ठेवली. आता बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅनखाली हलवलीय. आज सगळी माती टाकून धुतो.

१०१: धुताना दोन टोपणं फिनेल घाल की रे.

३०४: नको काकू, फिनेल मांजराला विष आहे. पायाला लागलेलं ती चाटते आणि तिच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. ब्लीचिंग पावडरपण नको, लघवीतल्या अमोनियात मिसळली की घातक वायू होतो. गरम पाणी आणि भांड्याचा साबण पुरे. फक्त या दिवसांत काही वाळत नाही, म्हणून दुसरी पेटी आणतोय. एक वाळेपर्यंत दुसरी वापरायची.

२०३: पण मग वास जाईल काय?

३०४: जाईल. लघवी साचून राहिली की जंतू तिचा अमोनिया करतात, तोच नाकाला झोंबतो. चूक माझी. पावसात कचरा खाली न्यायचा कंटाळा, म्हणून लघवीने मातीचे झालेले गोळे दोन-दोन दिवस काढले नाहीत. मातीही बोटभरच घालत होतो. दोन-तीन इंच थर हवा, नाहीतर गोळा धरत नाही, ओल थेट तळाला जाते. आज खरवडलं तर खाली करडा चिखल आणि प्लॅस्टिकवर नखांचे ओरखडे. वास त्या चिरांतच मुरलाय, तेव्हा धुण्याऐवजी ही पेटी टाकूनच देतो, नव्या दोन आणतो.

१०२: ती माती कमोडमध्ये टाकू नका म्हणजे झालं.

३०४: छे, ही माती म्हणजे बेंटोनाइट, पाण्यात फुगतं, पाइप तुंबेल. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत देतो.

४०१: आमच्या सूनबाईला पाचवा लागलाय. सगळे म्हणतात, मांजर बाहेर सोडून या. काय करू?

३०४: सोडू नका मावशी. सूनबाईला पेटीला हात लावू देऊ नका, बाकी कुणीतरी रोज साफ करा. टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधणारा जंतू, मांजराच्या विष्ठेत असला तरी बाहेर पडल्यापासून निदान एक दिवस तो बाधत नाही, म्हणून रोजच्या रोज काढायची. मांजराला कच्चं मटण घालू नका. आणि घरात मांजर आहे हे तिच्या डॉक्टरांना सांगा.

२०२: आम्ही उद्यमबागेकडच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणतो, स्वस्त पडतो. पण आज आमचा बोका सकाळपासून चारदा पेटीत बसून उठला. भुसा कोरडाच. पेटी आवडेना झाली असेल काय?

३०४: वहिनी, ओरडतोय काय? पोट कडक लागतंय?

२०२: हो, हात लावू देईना. सारखा खाली चाटतोय.

३०४: मग पेटीचं नाही हे. लघवी अडकली असणार, बोक्यांत होतं. उद्यापर्यंत थांबलं तर जीव जाईल. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळा, मी मनीचा पिंजरा घेऊन खाली येतो.

२०३: मी गाडी काढतो. गेटवर या.