प्रतिसाद: ओकला महिना पुरत नाही

वर म्हटलंय की लाकूड फोडून महिनाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलं की जाळायला तयार. इकडे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात लाकडाच्या स्टोव्हवर घर तापवणाऱ्यांना विचारा, ओक झाडाच्या लाकडाला वाळायला दोन उन्हाळे तरी द्यावेच लागतात. ॲश या झाडाचं लाकूड मुळातच कमी ओलं, ते एका उन्हाळ्यात होतं.

ताडपत्री फक्त वरून घाला, बाजू उघड्या ठेवा. सगळीकडून गुंडाळली की आत वाफ कोंडते आणि बुरशी धरते. रास जमिनीवर न रचता जुन्या पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) रचायची, म्हणजे खालूनही वारा खेळतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचं मीटर तुकड्याच्या टोकाला लावून उपयोग नाही, टोकं आधी वाळतात. एक तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला लावा.

ओलं लाकूड पेटतं हो, पण निम्मी आंच पाणी उडवण्यातच जाते असं वाटतं! धूर थंड राहतो, धुराड्यात क्रिओसोट (धुरातला डांबरासारखा चिकट थर) साचतं आणि एखाद्या दिवशी तेच पेट घेतं. वर्षातून एकदा धुराडं झाडून घ्यायला कंटाळू नका.

फोडायला कडाक्याची थंडी उत्तम, गोठलेला ओंडका पटकन दुभंगतो. धारदार कुऱ्हाड रुतून बसते, त्यापेक्षा मॉल, म्हणजे लाकूड फोडायची जड, जाड पात्याची कुऱ्हाड घ्या.

आणि लांबून स्वस्त सरपण आणू नका. ॲशची झाडं मारणारा हिरवा भुंगा असाच पसरला, म्हणून या राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेलं लाकूड ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे.