बाबांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण तेराचा पाढा अख्खा येतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालातून लिहितो आहे. प्रश्न माझ्या बाबांचा आहे. वय 71, चाळीस वर्षं इतवारीत धान्याच्या दुकानात मुनीम होते.

मे महिन्यात त्यांना लकवा मारला. दुपारी बाराच्या सुमारास उन्हातून घरी आले, उजव्या हातातली पिशवी सुटली आणि बोलणं जड झालं. मे महिन्यात नागपुरात असं झालं की घरात सगळ्यांच्या तोंडी एकच: ऊन लागलं. कूलरसमोर निजवलं, तळपायांना कांदा चोळला, चमच्याने पन्हं पाजलं. ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळत होतं, तरी कोणाला उमजलं नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळली होती. तोंड वाकडं, हात लुळा किंवा जीभ जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी कृपा करून उन्हावर ढकलू नका. आणि तोंडात काही घालू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. हालचालीचे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या देठाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून इजा डावीकडे आणि लुळा पडला उजवा हात. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांची भाषाही डाव्या मेंदूतच असते, म्हणून बोलणंही गेलं. याला वाचाघात म्हणतात, बाबांचा ब्रोका प्रकारचा. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं होतं. त्याच्या तोंडून फक्त ‘तां’ निघायचं, समजायचं मात्र बरंच. बाबांचं तसं ‘ते’ आहे. तहान लागली तरी ‘ते’, पंखा हवा तरी ‘ते’.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात माझी मुलगी पाढे पाठ करत होती. ‘तेरा पाचे पासष्ट’वर अडली, आणि मागून खाटेवरून बाबांचा आवाज आला, ‘तेर सक अठ्ठ्याहत्तर’. तिथून पुढे पाढा थेट संपवला. स्वच्छ, न अडखळता. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि विचारलं, ‘बाबा, तेरा रुपये किलोने सहा किलो घेतले, किती झाले?’ ओठ हलले, ‘ते… ते…’, पुढे काही नाही. मग त्यांनी डोळे मिटले, डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला आणि ‘तेरा एके तेरा’पासून सुरू केलं. अठ्ठ्याहत्तरवर आले आणि थांबले. डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिले.

म्हणजे प्रश्न कळला, हिशेबही झाला. नातेवाईक ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात आणि बाबांना ऐकू येत नसल्यासारखे मोठ्याने ओरडून बोलतात, त्याचा मला फार त्रास होतो. बाबांना सगळं ऐकू येतं हो.

वाचोपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या की पाढे, वार, आरती, शिव्यासुद्धा, अशी घोकून घट्ट झालेली साखळी बोलताना शब्द एकेक करून जुळवावा लागत नाही. त्यात उजव्या मेंदूचा आणि खोलवरच्या केंद्रांचा मोठा वाटा असतो, असं मानतात. याच आधारावर अमेरिकेत 1973 मध्ये एक पद्धत मांडली गेली. रोजचे शब्द चढ्या-उतरत्या सुरात म्हणायचे आणि डाव्या हाताने ताल धरायचा. आम्ही तीच करतो आहोत, पण मॅडमकडे आठवड्यातून एकदाच जाणं होतं.

ज्यांच्या घरी हे झालं आहे त्यांना विचारतो. मी ‘तहान लागली, प्यायला दे…’ म्हणून थांबलो तर बाबा ‘पानी’ भरतात. खरोखर तहान लागते तेव्हा मात्र ‘ते’च. दुसऱ्याने सुरू करून दिलेलं वाक्य पुरं करण्यापासून स्वतःहून मागण्यापर्यंत तुमचा माणूस कसा पोचला? मधली पायरी कोणती होती?

आणि सराव कुठल्या बोलीत करावा? मॅडमच्या कार्डावर ‘पाणी’ आहे, बाबा जन्मभर ‘पानी’ म्हणत आले. घरी नागपुरी, दुकानात हिंदी, पाढे शाळेतले. मला वाटतं घरची बोलीच धरावी, पण चुकत असेन तर सांगा.

‘हो’ आणि ‘नाही’चीही अदलाबदल होते. मान नाही म्हणते, तोंड हो म्हणतं. आम्ही सध्या अंगठा वर-खाली करायला शिकवतो आहोत, याहून सोपं काही आहे का? शिवाय मॅडम म्हणतात शब्दासाठी थांबा, पण बाबा झगडताना आईला पाहवत नाही, ती लगेच वाक्य पुरं करते. आईला कसं समजावू?

धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकल चौकाकडे घरी येऊन मराठीत वाचोपचार करणारं कोणी असेल तर जरूर कळवा. रोज रात्री नऊनंतर, बाबा निजले की, मी इथे उत्तरं वाचेन.