मदत हवी आहे: ‘सिलेक्शन पक्कं’ म्हणाले, आता फोनही उचलत नाहीत. काय करू?

नमस्कार मंडळी,

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवाळीनंतर रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीतून इंटरव्ह्यूचा फोन आला. नाव लिहीत नाही.

टेक्निकल राउंड चांगला झाला. आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड), पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची पद्धत), कंट्रोल प्लॅन सगळं विचारलं. मग प्लँट हेडनी ॲल्युमिनियमचं एक कास्टिंग (साच्यात ओतलेला पार्ट) हातात दिलं. मशिनिंग झालेल्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या गोल भोकात, बारीक छिद्रं होती. म्हणाले, "याचा ८डी करून पाठवा, तुमची विचार करायची पद्धत कळेल." ८डी म्हणजे दोषाचं मूळ कारण शोधून उपाय मांडणारा आठ टप्प्यांचा रिपोर्ट. छिद्रं गोल आणि आतून गुळगुळीत होती, म्हणजे दोष श्रिंकेजचा (धातू थिजताना आकसण्याचा) नाही, आत अडकलेल्या गॅसचा. श्रिंकेजची छिद्रं वेडीवाकडी आणि खरबरीत असतात. म्हणून डायचे (साच्याचे) एअर व्हेंट, धातू आत ढकलणाऱ्या प्लंजरला मारायचं ल्युब्रिकंट, शॉटचा (धातू आत ढकलण्याचा) स्पीड असा एकेक धागा पकडत गेलो. रात्री जागून, फिशबोनसकट (कारणांच्या आकृतीसकट) पूर्ण रिपोर्ट मेल केला. मनापासून केलं होतं.

नंतर एचआर मॅडमचा फोन आला. अभिनंदन केलं, पगाराचा आकडा ठरला, आधार, पॅन, शेवटच्या ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घेतल्या. "ऑफर लेटर येतंच आहे, तुम्ही पेपर टाकून ठेवा," असंही म्हणाल्या. लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं.

त्यानंतर सगळं शांत. फोन वाजून बंद होतो, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका दिसतात, मेलला उत्तर नाही. काल नोकरीच्या साइटवर त्याच पोस्टची जाहिरात पुन्हा दिसली. घरी बायकोने शिरूरला भाड्याची खोली आणि मुलाची शाळा बघायला घेतली होती. तिला काय सांगू, कळत नाही. नाही घ्यायचं तर नाही म्हणा, त्याचं एवढं दुःख नाही. पण माणसाची रजा, मेहनत, कागदपत्रं घ्यायची आणि एका ओळीचं उत्तरही द्यायचं नाही, हे फार लागलंय.

दुसरीकडे भोसरीच्या एका छोट्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. पगार थोडा कमी, पण लेटर हातात आहे. त्यांना शुक्रवारपर्यंत होकार हवाय. माझा नोटीस पिरियड २ महिन्यांचा.

भोसरीला हो म्हणून टाकू का? त्याआधी प्लँट हेडना थेट मेल करावा का? त्यांच्याशी बोलणं चांगलं झालं होतं, पण एचआरला डावलून गेलो असं तर होणार नाही ना? लिहायचं तर त्यात ८डीचा विषय काढावा की नको?

आणि कागदपत्रांची धाकधूक आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. यापुढे शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार देईन, पण त्यांच्याकडे गेलेल्या कॉपीचं काय? डिलीट करा असं लेखी मागता येतं का? रांजणगाव-चाकण पट्ट्यात एचआरमध्ये काम करणारं कोणी इथे असेल तर प्लीज सांगा, पक्कं म्हटल्यावर आतमध्ये नेमकं काय अडतं?

शुक्रवारच्या आत उत्तर मिळालं तर फार मदत होईल.